बुधवारची अर्धी

सोनीबाईच्या छातीत घड्याळ आहे, हे बंजारा तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी नागपूरला तिच्या काळजाची एक झडप बदलली आणि तिथं धातूची बसवली. आजूबाजूला चिडीचूप असलं की ती झडप ऐकू यायची. टक. टक. टक. शेजारची सुखीबाई म्हणायची, "सोने, तुह्या घरी चोर यायचा नाही. त्याले वाटंन, कोणीतरी जागंच हाये."

घड्याळाला किल्ली लागते तशी या झडपेला गोळी लागायची. रक्त पातळ ठेवायची गोळी, रोज दिवेलागणीला, जिवात जीव असेपर्यंत. कमी पडली तर झडपेत रक्त थिजणार. जास्त झाली तर नको तिथून वाहणार. पाच वार पुरी, बुधवारी अन् रविवारी अर्धी, असं माप डॉक्टरांनी बांधून दिलं होतं. सुट्टी देताना नर्सबाईनं कागद हाती ठेवला. सोनीबाईनं तो कपाळाला लावला आणि घडी करून पिशवीत टाकला. अक्षराशी तिची ओळख नव्हती.

पण सासरी निघालेल्या नवरीच्या तोंडी जे ढावलो घालतात, ते तिला किती येत होते याची मोजदाद कुणी केली नव्हती. होळीच्या लेंगीत ती ओळ टाकायची आणि तीस-चाळीस बाया झील धरायच्या. ज्या तोंडात एवढं मावतं, त्यात सात वार मावणार नाहीत? दवाखान्यातून आल्यावर पंधरा दिवसांत तिनं गोळीचं गाणं बांधलं. वाराला एक कडवं. गाणं गोरबोलीतलं, बंजाऱ्यांच्या बोलीतलं; मराठीत आणायचं तर असं काहीसं होईल:

सोमवारची गुलाबी, पुरी तळहाती आली,
काळजाच्या दाराला गं तेलपाणी करून गेली.

आणि बुधवारचं:

बुधवारची चंद्रकोर, अर्धी ओठांनी टिपली,
अर्धी रविवारासाठी पदरात मी राखली.

एका गोळीचे दोन तुकडे, एक बुधवारचा, दुसरा रविवारचा. आधी कडवं, मग गोळी, मग घोटभर पाणी. एखाद्या दिवशी पाहुण्यारावळ्यांत उशीर झालाच, तर न म्हटलेलं कडवं जिभेवर शिवशिवत राहायचं, अडकलेल्या बोराच्या सालीसारखं. धरमसिंग होता तेव्हा तोच झील धरायचा, बेसूर. तो गेल्याला चार वर्षं झाली. गाणं थांबलं नाही. दर महिन्याला तालुक्याला, नेरला, रक्त किती पातळ आहे ते तपासायचं, आणि दर महिन्याला तपासणारा म्हणायचा, "मावशी, दोन अन् साडेतीनच्या मधात आहे. बराबर." सात वर्षांत एकदाही बिनबराबर झालं नव्हतं.

तरी ओमचं समाधान होईना. ओम तिचा एकुलता एक, यवतमाळात सरकारी कचेरीत बाबू. दर रविवारी तांड्यावर यायचा आणि याडीला, म्हणजे आईला, तेच ते सांगायचा. दिवाळीआधीच्या एका रविवारी तो आला तेव्हा दिवे लागले होते आणि सोनीबाई अंगणात गोळी हातावर घेऊन कडवं म्हणत होती. ओम हसला. वाईट हसला असं नाही, पण हसला.

"याडी, गाण्यानं का औषध चालते? उद्या भुलली एखांदी ओळ, तं? माह्या घरी चाल. पायल डब्बी भरून देईन, तू फक्त गिळ."

"सात वर्षांत भुलली का?"

"वय वाढून राह्यलं तुहं."

"वय वाढते तं गाणं पक्कं होते रे बापा, कच्चं नाही होत." हसण्याची ठेच अजून लागलेलीच होती, त्या भरात ती बोलून गेली, "माह्या हातानं रिपोर्ट ज्या दिवशी बिघडंन, त्या दिवशी येतो तुह्या घरी राहाले. जबान देली."

ओट्यावर तिचा धाकटा दीर पूनमसिंग तंबाखू मळत बसला होता. "म्या ऐकलं हं भोजाई," तो म्हणाला. त्याच्या कडब्याला जागा पुरत नव्हती, हे साऱ्या तांड्याला माहीत होतं.

*

दिवाळीनंतर नेरचा तपासणारा रजेवर गेला, म्हणून त्या महिन्याची तपासणी यवतमाळात करायची ठरलं. "आलीच हायेस तं आठ-दहा दिवस राह्य," ओम म्हणाला. सोनीबाई शनिवारी गेली. पिशवीत दोन फेटिये, म्हणजे तिचे घेरदार घागरे, एक गोधडी, गुलाबी गोळ्यांचं नवं पाकीट, आणि रविवारची अर्धी कागदाच्या पुडीत.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सून पायल शाळेत शिकवायची. पोरगी गुणाची, पण सतत घाईत; अमरावतीत वाढलेली, गोरबोली कळायची पण बोलता यायची नाही, त्यामुळे त्या घरात वऱ्हाडीच चालायची. पायलनं मोठ्या हौसेनं प्लॅस्टिकची डबी आणली होती, सात खणांची. दवाखान्याचा कागद बघून तिनं सगळ्या गोळ्या नव्यानं विकत आणल्या, ब्लेडनं अर्ध्या केल्या, खण भरले. सकाळी चहाबरोबर एक खण उघडायचा आणि सासूच्या हातावर रिता करायचा.

"आई, डॉक्टरनं लिहून देलं ते सगळं आहे याच्यात."

सगळं म्हणजे सकाळचं सगळं, असं सोनीबाई समजली. रोजच्या सकाळच्या दोन होत्याच, लघवीची पांढरी अन् धडधडीची पांढरी, आणि एक पिवळी नवीन होती. ताकदीची असेल. सून हातावर ठेवते ते काय म्हणून विचारायचं? सासवा असं विचारायला लागल्या की तांड्यात त्याचा अर्थ वेगळा निघतो.

आणि संध्याकाळी? संध्याकाळी ती गॅलरीत जायची, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आड. ओम हसू नये म्हणून कडवं ओठातल्या ओठात म्हणायची. मग कमरेच्या पिशवीतली गुलाबी गोळी तोंडात टाकायची आणि गुमान आत येऊन भाजी निवडायला बसायची. गाणं सोडायचं नाही, हे तिनं मनाशी ठरवलंच होतं. ते कुणाला सांगायचं नाही, हेही ठरवलं होतं.

आठव्या दिवशी सकाळी दात घासताना चूळ लाल आली. रविवारी दंडावर जांभळा डाग उठला, वांग्याएवढा. "कुठं आपटली का?" पायलनं विचारलं. सोनीबाई कुठंच आपटली नव्हती. सोमवारी रक्त दिलं. दुपारी रिपोर्ट आला तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला.

"पाच पॉइंट आठ. आजी, गोळी जास्त गेली आहे. नशीब, वेळेवर आलात. आज अन् उद्या रक्ताची गोळी पूर्ण बंद. डोक्याला मार लागू देऊ नका, रक्त थांबलं नाही तर लगेच या. बुधवारी सकाळी पुन्हा तपासू."

घराच्या पायऱ्या चढता चढता ओम बोलला, तेही तिच्याकडे न बघता. "याडी, जबान देलती तू. पूनमकाकाले फोन करतो. घर पडून राहण्यापरीस त्याचा कडबा तरी राहीन."

सोनीबाई जिन्यात थांबली. त्या घराच्या भिंती तिनं आणि धरमसिंगनं मिळून रचल्या होत्या, कुडाच्या विटांच्या करताना एक पावसाळा खाटेखाली काढला होता. तिथं कडबा. तिच्या छातीतलं घड्याळ जिन्यात घुमत होतं. टकटक ओमलाही ऐकू गेली असणार. तो आणखी दोन पायऱ्या चढला आणि कचेरीला उशीर झाला म्हणून तसाच खाली उतरून गेला.

तोंडातून गेलेली जबान. तांड्यात ती परत घेता येत नाही. पण कोणतं कडवं चुकलं, हे तर कळायला हवं! तिनं खाटेवर बसून शनिवारपासून सगळी कडवी मनात म्हटली. कुठं जीभ अडली नाही.

तेवढ्यात पायलनं टेबलावरची डबी उघडली. एकेका खणातून ती पिवळी गोळी वेचून बाजूला काढू लागली.

"हे कायले काढून राह्यली व माय?"

"डॉक्टरनं रक्ताची गोळी बंद सांगितली ना आई."

"हो. पण ते तं माह्यापाशी हाये."

पायलचा हात खणावरच राहिला. "तुमच्यापाशी काय आहे?"

सोनीबाईनं कमरेची पिशवी सोडली, गुलाबी गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. पायलनं ते उचललं, वाचलं. मग ड्रॉवरमधून पिवळ्यांचं पाकीट आणलं, तेही वाचलं. दोन्हींवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, वर्गात वाचावं तसं, "वारफरिन. वारफरिन. आई, एकच औषध आहे हे. कंपनी वेगळी आहे, म्हणून रंग वेगळा."

"म्हणजे तू सकाळी देल्ली…"

"अन् तुम्ही संध्याकाळी घेतली. रोज. नऊ दिवस."

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"थांब," सोनीबाई म्हणाली. "माह्यं कुठं चुकलं का, ते पाह्य. मी म्हणतो, तू पाकिटाचे खळगे पाह्य." आणि ती त्या घरात पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं गायली. शनिवार, एक खळगा रिकामा. रविवारची अर्धी पुडीतली, तिचा खळगा नाही. सोमवार, मंगळवार. बुधवार, गोळी मोडली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. काल रविवार, मोडलेलीतली उरलेली अर्धी. पायल बोटानं खळगे दाबत गेली. दहातले सात रिकामे, तीन भरलेले. गाण्यात आणि पाकिटात तिळाचा फरक नव्हता.

पायल खाली बसली. "आई, म्या तुम्हाले मारलंच असतं ना," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. "यांना नका सांगू. लय बोलतीन मले."

आता सोनीबाईच्या हातात सोपी वाट आली होती. सुनेचं नाव घ्यायचं, पिशवी उचलायची आणि नेरची बस धरायची. पण पोरीची वेणी अर्धी सुटली होती. आणि टेबलावर त्याच डबीशेजारी पायलची स्वतःची थायरॉईडची बाटली होती. सकाळी उठल्याबरोबर घ्यायची, आणि नऊ दिवसांत सहा वेळा सोनीबाईनंच तिला आठवण करून दिली होती.

"उठ," ती म्हणाली. "सांगतो तं मीच. पण सगळं सांगतो, अर्धं नाही."

*

संध्याकाळी ओम आला, बूट काढायच्या आधीच त्याला खुर्चीवर बसवलं. सोनीबाईनं दोन्ही पाकिटं त्याच्या मांडीवर ठेवली आणि झालं ते सांगितलं. ओमचा चेहरा आधी पांढरा पडला, मग तापला. तो पायलकडे वळला.

"तिच्याकडं नको पाहू," सोनीबाई म्हणाली. "तिनं कागद वाचला, मले नाही विचारलं. मी गोळी गिळली, तिले नाही विचारलं. अन् तू? तू हसला. हसला म्हणून मी कपड्यामागं लपून गोळी खाल्ली, चोरावानी. माह्याच गोळीची मी चोर! एका वावराले दोन राखणदार झाले, अन् दोघंबी समजत राह्यले का आपण एकटेच हाओत."

"म्हणूनच म्हणतो ना याडी, इथंच राह्य. एकाच माणसाच्या हाती राहू दे सगळं."

"राहू दे. माह्या."

"तुले वाचता येत नाही!"

"तुले गाता येते?"

पायलला हसू फुटलं, तिनं तोंडावर ओढणी धरली. ओम चिडला. "हे गंमत नाही याडी. पाच पॉइंट आठ होतं. जीव गेला असता."

"माहाच गेला असता. म्हणून तं सांगून राह्यलो." सोनीबाई उठून उभी राहिली. बुटकी बाई, पण फेटियाचा घेर हातभर पसरला आणि दारातली वाट भरून गेली. "ऐक. रगत माहं, झडप माही, अन् राखणही माहीच. मी जबान देलती का रिपोर्ट माह्या हातानं बिघडला तं येईन. माह्या हातानं नाही बिघडला. तांड्याच्या नायकाले बसव मधात, तांडा बसव, खळगे मोजून दाखवतो. पण माह्या घरात कडबा भरला, तं पेटवून देईन, आंधी सांगून ठेवतो."

ओमनं पाकीट उलटसुलट केलं, खळगे मोजले. मग पुन्हा मोजले.

*

बुधवारी सकाळी रक्त दिलं. तीन पॉइंट एक. डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिगत ऐकली आणि चष्मा काढून विचारलं, "मग आता गोळ्या कोण सांभाळणार?"

ओमनं तोंड उघडलं, पण सोनीबाई आधीच बोलली होती. "मी."

"कशा सांभाळता, सांगा बरं."

दाराबाहेर बाकावर पंधरा माणसं खोकत बसलेली. सोनीबाईनं घसा खाकरला आणि सातही वार म्हटले. बाहेरचं खोकणं थांबलं. ओम बुटाच्या टोकांकडे बघत राहिला. पायलनं त्याला कोपर मारलं.

"माप बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण आजी, एक खोट आहे तुमच्या गाण्यात. गुलाबी म्हणता. दुकानदार उद्या निळी देईल, तेव्हा? रंगावर भरवसा नको. नाव घाला."

गाण्याला खोट आहे असं सोनीबाईला अख्ख्या आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या कपाळाची शीर उडाली. पण बाईंनी बरोबरच बोट ठेवलं होतं. पिवळी गोळी हातावर आली तेव्हा गाण्यानं तिला ओळखलं नाही, हे खरंच होतं.

"सांगा नाव. हळू सांगा."

"वार-फरिन."

"वारफरिन," सोनीबाई पुटपुटली. चार-पाच वेळा. जिभेवर खडीसारखं लागलं. "बेकार नाव हाये बाई. पण बसवतो."

"आणि दुसऱ्या कुणीही कसलीही गोळी दिली, तर विचारायचं. सुनेनं दिली तरी. लाज नाही करायची. आज बुधवार. आजपासून जुन्या मापानं सुरू. पुढच्या बुधवारी नेरला तपासा."

बसस्टँडवर ओमनं पिशवी धरून ठेवली होती, सोडायला तयार नव्हता. शेवटी सोनीबाईनं ती त्याच्या बोटांतून सोडवून घेतली. पायलनं सात खणांची डबी पुढं केली. "आई, ही तरी ठेवा."

"तूच ठेव. तुह्या थायराईडची भर त्याच्यात. अन् सकाळी उठली का म्हण…" तिनं पायलच्या कानाशी एक ओळ गुणगुणली, उभ्या उभ्या जुळवलेली. पायलनं ती दोनदा म्हणून पाहिली आणि बस हलली.

*

तांड्यावर उतरली तेव्हा ऊन कललं होतं. ओट्यावर कडब्याच्या आठ पेंढ्या रचलेल्या, आणि पूनमसिंग नववी घेऊन येत होता. सोनीबाईला बघून तो जागीच थांबला.

"भोजाई! ओमनं सोमवारी फोन केल्ता ना…"

"ओमनं केल्ता. म्या केल्ता का?" तिनं पिशवी खाटेवर ठेवली आणि शेजारी बसली. "मले डॉक्टरनं ओझं उचलाले मना केली हाये. म्हणून मी बसतो, तू उचल. अंधार पडायच्या आंधी ओटा मोकळा पाह्यजे."

"जबान देलती तुम्ही."

"रिपोर्ट माह्या हातानं नाही बिघडला, जबान पाळाले तं आली. बस, बस, पेंढी नको ठेवू खाली. तशीच घेऊन चाल."

सुखीबाई शेणाचे हात तसेच घेऊन पळत आली आणि पूनमसिंगच्या प्रत्येक फेरीला "एक! दोन! तीन!" असं मोठमोठ्यानं मोजू लागली. पाचव्या फेरीला तोही हसला, पण शिव्या देत हसला. शेवटची पेंढी गेल्यावर सोनीबाईनं ओटा झाडून घेतला.

दिवे लागले. बरोबर सातला फोन वाजला. ओमचा. ती तांड्यावर असली की रोज याच वेळी यायचा आणि रोज एकच विचारायचा, "घेतली का?"

"याडी," ओम म्हणाला, आणि थांबला. पुढचं त्याच्या ओठावर आलं होतं, ते तिला ऐकू न येताही कळलं.

"विचारू नको," ती म्हणाली. "चौकीदार नाही पाह्यजे मले. तुह्या बापाची जागा खाली हाये. झील धरतो का?"

"मले नाही येत याडी गाता."

"तुह्या बापालेबी नव्हतं येत. धर."

तिनं फोन पायरीवर उभा केला. पाकिटातून गोळी काढली, नखानं अर्धी केली. एक तुकडा तळहातावर घेतला आणि गळा मोकळा सोडला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा:

बुधवारची वारफरिन, अर्धी ओठांनी टिपली…

नाव ओळीत बसायला तयार नव्हतं. तिनं ते रेटून बसवलं. फोनमधून खरखर आली, मग ओमचा आवाज, चुकीच्या सुरात, अर्धी ओळ मागे पडलेला. सुखीबाई पदरात तोंड खुपसून हसली.

"सूर सोड, ताल तरी धर!" सोनीबाई ओरडली. "ऐकू येते का तुले? टक, टक. त्याच्यावर म्हण."

ती फोन छातीशी घेऊन थांबली. पलीकडे ओम ऐकत राहिला. मग त्यानं पुन्हा सुरुवात केली. बेसूरच, पण या वेळी तालात.

सोनीबाईनं अर्धी गोळी जिभेवर ठेवली, वर घोटभर पाणी घेतलं. उरलेली अर्धी तिनं कागदाच्या पुडीत बांधली आणि रविवारसाठी, आपल्या घरात, आपल्या दिव्याच्या कोनाड्यात ठेवून दिली.